धावली की ताप, थांबली की उतार

बिघाड शोधून काढणं हा माझ्या हातचा मळ आहे. ही फुशारकी नाही; सौदीतल्या हुफूफ गावी आमच्या बँकेत कोणालाही विचारा. एटीएम अडलं, सर्व्हर झोपला, मॅनेजरसाहेबांच्या प्रिंटरने कागद गिळला, की पहिली हाक पडते ती माझ्या नावाने. बँकेने मला खास बहारीनला पाठवून एक पद्धत शिकवून आणली होती. पद्धत अशी, की बिघाड दिसला की विचारायचं, का? उत्तर आलं की पुन्हा विचारायचं, का? असं पाच वेळा विचारलं की मूळ कारण आपण होऊन हात जोडून पुढे येतं.

परत आल्यावर मी हा प्रयोग घरी केला. आमटी खारट झाली होती. का, असं बायकोला विचारलं. मीठ दोनदा पडलं, ती म्हणाली. का? "कारण मी मीठ घालत असताना तू मध्येच येऊन काहीबाही विचारत होतास." तिसरा 'का' मी गिळून टाकला आणि आमटीही गिळली.

तर अशा माणसाची स्वतःची गाडी तापायला लागली! २००४ सालचा उन्हाळा. गाडी जपानी, माझ्या हाती येण्याआधी एका मालकाकडे नांदलेली, पण गुणी. आणि ती तापायला लागली तीसुद्धा नेमकी आमच्या घरातल्या सगळ्यांत मोठ्या परीक्षेच्या तोंडावर. परीक्षा म्हणजे खरोखरची परीक्षा. ती माझी नव्हती, आसावरीची होती.

आसावरी माझी बायको. मिरजेला एमडी झालेली डॉक्टर. कसला ताप आहे हे ओळखण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, असं तिचे सर आमच्या लग्नात मला बाजूला घेऊन सांगत होते. मी नुसती मान डोलावली आणि तिला इकडे घेऊन आलो. इथे परदेशी डॉक्टरला लायसन्सची परीक्षा दिल्याशिवाय रुग्णाची नाडीसुद्धा धरता येत नाही. दाखले, शिक्के, दूतावासाच्या खेपा, ह्यात चार वर्षं गेली आणि चारही वर्षं ती घरात बसून राहिली. त्या जूनमध्ये मात्र सगळं एकदम जुळून आलं. हुफूफच्याच एका हॉस्पिटलात जागा निघाली. लायसन्स आणा आणि रुजू व्हा, म्हणाले. परीक्षा तोंडी, रियाधला, बुधवारी सकाळी अकरा वाजता. हुकली तर पुढची पाळी थेट हिवाळ्यात, आणि तोवर ती जागा कोणी रिकामी ठेवणार नव्हतं.

ती दिवसभर पुस्तकांत डोकं घालून बसायची. एकदा पुस्तक मिटून मला म्हणाली, "यतीन, पाठ सगळं आहे रे. पण समोर पेशंट बसून चार वर्षं झाली. माझा हात गेला असेल तर?"

मी उठून चहा केला आणि तिच्यापुढे ठेवला. तिने तो तसाच निवू दिला.

रियाधला ट्रेनने जाऊ, असं तिचं म्हणणं होतं. हुफूफहून थेट ट्रेन आहे, बसलं की तीन तासांच्या आत रियाध. मी हसलो. दारात गाडी असताना स्टेशनवर जाऊन बसायचं? गाडी जराशी तापते हे मला कबूल होतं, पण बुधवारला अजून तीन आठवडे होते. मूळ कारण काढून हातावर ठेवतो, असा मी शब्द दिला. त्यावर ती म्हणाली, "अहो, नक्की ना?" एरवी ती मला अरे-तुरेच करते. तिच्या तोंडून 'अहो' निघालं की समजायचं, पारा चढायला लागलाय.

आता आईबद्दल सांगतो. आई गुहागरहून व्हिजिट व्हिसावर आली होती. आल्याआल्या ती कशाच्या प्रेमात पडली असेल, तर उन्हाच्या! हुफूफच्या जूनमधल्या उन्हाला घाबरून माणसं दारं-खिडक्या लावून बसतात. आई बाल्कनीत उभी राहून हळहळायची. कोकणात वाळवणाला ऊन मिळतं ते मोजकं. कधी मळभ येईल नेम नाही, कावळे टपलेले, धाकटी जाऊ पण टपलेली. आणि इथे हे असं कडकडीत कोरडं ऊन पसरलंय आणि त्याच्यावर एक पापड नाही! "एवढं ऊन फुकट जातंय रे," असं ती रोज म्हणायची. गॅस पेटता ठेवून घराबाहेर पडल्यावर जीव कसा टांगणीला लागतो, तसा तिचा दिवसभर असायचा.

गच्चीवर पाण्याच्या टाक्या आणि टीव्हीच्या डिशा, आणि किल्ली हारिसकडे. हारिस म्हणजे इमारतीचा राखणदार. इजिप्तचा म्हातारा माणूस, तो काही किल्ली देईना. मग आईला माझी गाडी सापडली. आमची बँक दुपारी बंद असते. मी बाराला घरी आलो की चारपर्यंत गाडी इमारतीमागे उन्हात उभी. आईने पिशवीतून प्लास्टिकचा मोठा पारदर्शक कागद काढला, गुहागरहून आणलेला. तो बॉनेटवर अंथरला, कडांना खडे ठेवले आणि वर सोऱ्याने कुरडया घातल्या. गव्हाचा चीक, तीन दिवस भिजवलेला, साग्रसंगीत. बॉनेट इंजिनाने तापलेलं असतं हे तिच्या लवकरच लक्षात आलं. मग ती मला सांगायला लागली, की येताना जरा लांबून ये, म्हणजे खालूनही ऊब लागते.

चार दिवस हे सुरळीत चाललं. पाचव्या दिवशी आई वाळलेल्या कुरडया टोपलीत घेऊन वर आली. दोन जरा ओलसर होत्या, त्या तिने कागदावरच राहू दिल्या. तेवढ्यात उत्तरेचा वारा सुटला. इथला वारा सुटतो म्हणजे एक पिवळी भिंतच चालत येते. आई खाली जाऊन बघते तर खडे इतस्ततः, कागद नाही, कुरडया नाहीत, आणि जवळच हारिस हातात झाडू घेऊन उभा.

झालं! आईच्या मनाने घेतलं की कागद हारिसनेच लांबवला. आधी किल्ली दिली नाही आणि आता कागद. मी तिला सांगून बघितलं की तो माणूस कुरडयांचा कागद घेऊन काय करणार. "काय करतील सांगता येतं का?" ती म्हणाली. तेव्हापासून तो जिन्यात दिसला की ती तोंड फिरवायची, आणि तो बिचारा आपलं काय चुकलं म्हणून मला खुणेने विचारायचा. घरातली कालगणनाच बदलली. माझा कागद गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी गुहागरहून फोन आला. माझा कागद गेला त्या आठवड्यात दूध नासलं. कोणतीही गोष्ट आई आता अशीच सांगायची.

त्याच सुमारास एका शुक्रवारी मी तिला समुद्र दाखवायला निघालो. उकैरचा किनारा हुफूफहून तासाभरावर. गुहागरची बाई, समुद्र बघून दोन महिने झाले होते. सकाळपासून तयार होऊन बसली होती. काळा अबाया तिला फार आवडायचा. वरून एक गाऊन घातला की आत लुगडं कसं का असेना, म्हणायची. गाव सोडलं, रस्ता मोकळा झाला, मी वेग घेतला आणि तापमानाचा काटा चढायला लागला. चढला तो लाल पट्ट्याला टेकला. मी गाडी बाजूला घेतली. उभी केल्यावर काटा खाली आला. पुन्हा निघालो, पुन्हा चढला. अर्ध्या वाटेवरून परत फिरलो. आईने समुद्राऐवजी उंट बघितले आणि मला वाईट वाटू नये म्हणून त्यांचंच कौतुक करत बसली.

मी माझी पद्धत लावली. गाडी का तापते? पाणी फिरत नसणार. का? थर्मोस्टॅट अडकला असणार. तिथेच थांबलो, तीन 'का' वाचले ह्याचा आनंद झाला. सनाइयात, म्हणजे गॅरेजांच्या वस्तीत, इस्मतभाईचं गॅरेज होतं. पेशावरचा उंचापुरा माणूस, मान डोलावण्यात पटाईत. मी त्याला मूळ कारणाची संकल्पना समजावून सांगितली. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि थर्मोस्टॅट बदलला. गाडी तिथेच अर्धा तास चालू ठेवून आम्ही दोघं काट्याकडे बघत बसलो. काटा मध्यावर, तसूभर हलला नाही. इस्मतभाईने मला चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी हमरस्त्यावर नेली, तर पुन्हा तापली.

मग रेडिएटरचं झाकण बदललं. मग पंख्याचा पट्टा बदलला. प्रत्येक वेळी तेच. इस्मतभाईच्या दारात गाडी अशी शांत, जणू तिच्या तोंडात बोट घातलं तरी चावणार नाही. आणि हमरस्त्यावर नेली की अंगात आल्यासारखी करायची. तिला काय झालंय असं तुम्हाला वाटतं, असं मी शेवटी इस्मतभाईलाच विचारलं. "साहब, पढ़े-लिखे आप हो," तो म्हणाला. "आप बोलो तो मैं इंजन भी बदल दूँ." त्याने मन लावून मान डोलावली. दोन अडाणी एकत्र आले की त्यातला एक तरी गप्प बसावा लागतो. आमच्यात तो बसला होता.

शेवटी पाण्याचा पंपच नवा घातला. ह्या चौथ्या दुरुस्तीनंतर गाडी हमरस्त्यावर नेऊन बघायला वेळ उरला नाही. खरं सांगायचं तर धीर झाला नाही. मंगळवारी संध्याकाळी आसावरीने शेवटचं विचारलं, ट्रेनचं बघायचं का. मी आईची शपथ घेऊन सांगितलं की गाडी ठणठणीत आहे. आई शेजारीच बसली होती. तिने कपाळाला हात लावला.

बुधवारी उजाडताच निघालो. आईला एकटीला घरात ठेवणं बरं नव्हतं, म्हणून ती मागे बसली. तिच्या मांडीवर एक परात होती आणि परातीत लाल मिरच्या. मी विचारलं, ह्या कशाला? दिवसभर रियाधला गाडी उन्हात उभीच राहणार ना, म्हणाली. बंद गाडीत मिरच्या अशा कडकडीत होतील की हाताने चुरल्या जातील. वाद घालायची ती वेळ नव्हती. तिने मिरच्या मागच्या काचेखालच्या फळीवर नीट पसरल्या आणि देवाचं नाव घेतलं.

गावातून बाहेर पडेपर्यंत काटा मध्यावर होता. मी आसावरीकडे बघून हसलो. ती पुस्तकात होती. मग मी वेग घेतला.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल! थांबलो. निवली. निघालो. तापली. सावकाश चालवली तर काटा बरा राहायचा, पण त्या चालीने रियाध यायला संध्याकाळ झाली असती. आसावरीने पुस्तक मिटलं. त्या आवाजाएवढी भीती चार वर्षांत मला तिच्या कोणत्याच बोलण्याची वाटली नव्हती. वाळवंटात दोन्ही बाजूंना काही नाही, मागे राहिलेल्या स्टेशनातून ती ट्रेन केव्हाच सुटलेली, आणि माझ्या शेजारी बसलेल्या ह्या बाईचं सगळं आयुष्य माझ्या शब्दावर विसंबून.

तेव्हा मला कोणीतरी सांगितलेली एक युक्ती आठवली. इंजिन तापलं की एसी बंद करायचा आणि हीटर पूर्ण सोडायचा. इंजिनाची उष्णता आत येते, इंजिन निवतं. मी हीटर लावला. जून महिना, सौदी अरेबिया, आणि मी हीटर लावला!

काटा खरंच जरा खाली आला. आम्ही मात्र वाफलायला लागलो. आई म्हणाली की मोदकपात्रात मोदकांना काय वाटत असेल ते आज कळलं. जीव घाबरा झाला तेव्हा मी चारही काचा एकदम खाली केल्या. बाहेरचा वारा सुसाट आत घुसला, मागच्या फळीवर आदळला आणि तिथल्या अर्धवट वाळलेल्या मिरच्या घेऊन उठला.

पुढची पाच मिनिटं कशी गेली ते सांगता येत नाही. मिरच्या उडत होत्या, आपटत होत्या, फुटत होत्या. बी नाकात, तिखट डोळ्यांत. आसावरीला ठसका लागला, मला शिंका, आणि आई छाती बडवत "काच लाव मेल्या, काच लाव" म्हणत होती. डोळ्यांतून नळ सुटलेले. त्या पाण्यातून मला पुढे पोलिसांची चौकी दिसली आणि मी कशीबशी गाडी तिथे नेऊन उभी केली.

चौकीवरचा हवालदार पोटाने मोठा आणि चेहऱ्याने प्रेमळ होता. कागद मागायला म्हणून तो खिडकीशी वाकला आणि तसाच थबकला. पुढे एक माणूस ढसाढसा रडतोय. शेजारी काळ्या अबायातली बाई तोंडाला रुमाल लावून हुंदके देतेय. मागे म्हातारी छाती पिटतेय. त्याने टोपी काढली आणि हलक्या आवाजात म्हणाला, "अल्लाह यिरहमुह."

हे वाक्य मला येत होतं. बँकेत कोणाकडे मयत झाली की आम्ही सगळे हेच म्हणतो. देव त्याच्या आत्म्याला शांती देवो. कोणी गेलेलं नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि मला अशी उमाळ्याची शिंक आली की त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. पाठोपाठ थंड पाण्याच्या बाटल्या आल्या, खजूर आला. चौकीच्या सावलीत त्याने स्वतः खुर्च्या मांडल्या. एवढं झाल्यावर खरं सांगणं अवघड होऊन बसलं. मी मान खाली घालून खजूर खाल्ला.

आसावरीने चेहऱ्यावर पाणी मारलं, डोळे पुसले आणि घड्याळ बघितलं. मला वाटलं, आता 'अहो' येणार. ती म्हणाली, "यतीन, ह्या गाडीला ताप येतो कधी?"

मी म्हटलं, नेहमीच येतो.

"नेहमी नाही. नीट सांग. उभी असताना?"

नाही.

"गावात, सावकाश?"

नाही.

"म्हणजे धावली की ताप, थांबली की उतार." ती खुर्चीत पुढे सरकली. तिचा आवाज बदलला होता. हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मिरजेच्या वॉर्डात हाच चालत असणार. "मग रोग आतला नाही. आतलं काही बिघडलं असतं तर उभ्यानेही तापली असती. हिला धावताना दम लागतोय. नाकापुढे काहीतरी येतंय, वाऱ्याने दाबून बसतंय आणि थांबली की गळून पडतंय. तू बघतोस तेव्हा ती उभीच असते, मग दिसणार कसं? बरं, दुखणं कधीपासून?"

मला नक्की आठवेना. जूनमध्ये केव्हातरी, मी म्हटलं.

"केव्हातरी कशाला?" आई मागून म्हणाली. ती हातातली बाटली गालाला लावून बसली होती. "उकैरला निघालो तेव्हा पहिल्यांदा. माझा कागद गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी."

आसावरी हळूच वळली. "आई, कागद गेला तेव्हा होता कुठे?"

"बॉनेटवर."

आम्ही तिघांनी गाडीकडे बघितलं. मग आसावरी उठली. अबायाच्या बाह्या कोपरापर्यंत सारून तिने मला बॉनेट उघडायला लावलं. पुढच्या जाळीच्या आणि रेडिएटरच्या मध्ये चार बोटांची फट होती. माझा पंजा तिथे शिरला नसता. तिने डोळे मिटले, हात खाली सोडला आणि बराच वेळ नुसती चाचपत राहिली. हवालदारही येऊन उभा राहिला.

"आहे," ती म्हणाली.

मग तिने तो बाहेर काढला. घाई नाही, हिसका नाही, अडलेली बाई मोकळी करावी तसा. आधी कोपरा आला, मग हातभर, मग आणखी. गुहागरचा तो सबंध कागद, पारदर्शक, धुळीने माखलेला. आणि त्याला दोन कुरडया चिकटलेल्या, गाडीच्या उष्णतेने बदामी झालेल्या.

"हारिसने नव्हता नेला तर," आई पुटपुटली, आणि तिने पहिल्यांदा मान खाली घातली.

हवालदाराचा चेहरा मात्र बदलला होता. रडणारी माणसं, इंजिनात लपवलेलं प्लास्टिक, त्यावर हे कसलं जाळं! त्याने कुरडईकडे बोट दाखवून मला विचारलं, हे काय आहे. मी आयुष्यात पुष्कळ अवघड गोष्टी समजावून सांगितल्या आहेत. पण गव्हाचा चीक अरबीत समजावणं मला जमलं नाही. माझी त त प प झालेली बघून आई पुढे आली, तिने कुरडईचा तुकडा मोडला, फुंकर मारून स्वतः खाल्ला आणि दुसरा त्याच्या हातावर ठेवला. मग मला म्हणाली, "मीठ कमी पडलंय."

त्याने तो तुकडा खिशात ठेवला आणि विचारलं, पण मग गेलं कोण? आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी त्याला मागचं दार उघडून मिरच्या दाखवल्या. तो आत वाकला आणि त्याला तीन शिंका आल्या. डोळे पुसत बाहेर आला तो हसत सुटला, पोट धरून. मग मी आसावरीकडे बोट करून सांगितलं, डॉक्टर, रियाध, इम्तिहान, अकरा वाजता. इम्तिहान म्हणजे काय हे त्याला बरोबर कळलं. त्याने घड्याळ बघितलं, टोपी घातली आणि रस्त्यावरच्या सगळ्या गाड्या थांबवून आम्हाला आधी काढलं. "यल्ला, दक्तूरा!" तो ओरडला. तिला कोणी डॉक्टर म्हणून हाक मारली त्याला चार वर्षं झाली होती. ती काचेतून बाहेर बघत राहिली, आणि आता डोळ्यांत पाणी होतं ते मिरचीचं नव्हतं.

काटा मध्यावर. वेग वाढवला, काटा मध्यावर. एसी लावला, तरी मध्यावर. रियाधला पोचलो तेव्हा अकराला थोडी मिनिटं उरली होती. डोळे लाल, बोटांना काळं वंगण, केसांत मिरचीचं बी, अशा अवतारात ती पायऱ्या चढून आत गेली.

मी आणि आई समोरच्या सावलीत बसलो. आई स्तोत्र म्हणत होती. मी कधी नव्हे तो देवाला म्हटलं, की माझा मूर्खपणा तिच्या नावावर घालू नकोस. ट्रेनने आलो असतो तर ती नीटनेटकी, शांतपणे गेली असती. हे सारखं मनात येत होतं.

ती तासाभराने बाहेर आली. चेहऱ्यावरून काही कळेना. गाडीत बसली, पाणी प्यायली. गाडी शहराबाहेर पडली. शेवटी आईनेच विचारलं.

"तीन जण होते," आसावरी सांगायला लागली. "मधले म्हातारे डॉक्टर सुदानचे. त्यांनी माझे डोळे बघितले, हात बघितले आणि विचारलं, बाई, हे काय झालंय? मला रडूच येणार होतं. मग म्हटलं, सांगूनच टाकू. केस सांगतात तशी सांगितली. जपानी पेशंट, वय सात वर्षं, धावल्यावर ताप, थांबल्यावर उतार. कधीपासून, काय तपासलं, काय सापडलं, सगळं. तिघंही हसत होते, पण ऐकत होते. त्यानंतर बाकीचे प्रश्न विचारले, आणि यतीन, मला सगळं येत होतं रे. हात गेला नव्हता."

मी स्टिअरिंग घट्ट धरलं. इतका आनंद मला माझ्या स्वतःच्या कोणत्याच परीक्षेत झाला नव्हता. मग पास का, मी विचारलं.

"उठताना त्यांनी एकच विचारलं. म्हणाले, ह्या पेशंटला आधी कोणाला दाखवलं होतं? मी म्हटलं, होता एक डॉक्टर. त्याने पेशंटला न तपासता चार अवयव बदलले."

"मग?"

"मग ते म्हणाले, त्याचं लायसन्स आधी काढून घ्या. तुमचं आम्ही देतो."

मागच्या सीटवर आई इतकी हसली की परातीत पुन्हा गोळा केलेल्या मिरच्या हलल्या. परत गेल्यावर हारिसला डबाभर कुरडया द्यायच्या, असं तिने ठरवून टाकलं. ह्या वेळी मीठ बघून. आणि आता गाडी तापणार नाही, तर वाळवणाला खालची ऊब कुठून आणायची ह्याची तिला काळजी लागली. मी काहीच बोलेना, तेव्हा पुढे वाकून म्हणाली, "काय रे, गप्प का?"

ह्या एका 'का'चं उत्तर मला पहिल्याच फटक्यात सापडलं होतं. पण ते मी मोठ्याने सांगितलं नाही.